माळावरच्या पायवाटेने शिकारी पक्षी पाहायला नेमके कधी जावे?

नवी_दुर्बीण:
नमस्कार. गवताळ माळ, मधूनच शेते आणि एका बाजूला डोंगराची धार, अशा भागातल्या पायवाटेने आम्ही दोघे शिकारी पक्षी पाहायला जातो. पक्षी पाहायचे तर भल्या पहाटे निघावे, असे सगळेच सांगतात, म्हणून उजाडताना पोहोचतो. परंतु बराच वेळ आकाश रिकामेच असते आणि नंतर जे दिसते ते इतके उंच असते की घार कोणती आणि गरुड कोणता, हेही कळत नाही. वेळ कोणती निवडावी? रंग दिसत नसताना ओळख कशी पटवावी? ८×४२ची (८ पट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरेशी आहे की १० पटींची घ्यावी?

धारेवरचा:
गरुड, गिधाडे यांसारखे रुंद पंखांचे जड पक्षी पंख मारत फार वेळ उडत नाहीत, कारण त्यात शक्ती फार खर्च होते. जमीन तापून ऊन हवा वर चढू लागली की तिच्यात गोल घिरट्या घालत ते उंची गाठतात आणि तिथून पंख न हलवता पुढच्या झोतापर्यंत घसरत जातात. त्यामुळे ऊन चांगले वर आल्यावरच आकाश भरते. त्याआधी आकाशाकडे पाहण्यात अर्थ नाही. वठलेल्या झाडांचे शेंडे आणि विजेचे खांब दुर्बिणीने एकेक करून तपासावेत. वारा असेल तर तो धारेवर आपटून वर वळतो आणि पक्षी धारेच्या कडेने, कधी कधी आपल्या नजरेच्या पातळीवरूनही जातात. अशा दिवशी चालत राहण्यापेक्षा सूर्य पाठीशी घेऊन एका जागी बसावे. चालणाऱ्याला पक्षी कमी दिसतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

गवतफुला:
ओळखीसाठी रंग शेवटी पाहावा. आधी आकार आणि उडण्याची ढब पाहावी. घारीच्या शेपटीला खाच असते, पण शेपटी पसरली की ती खाच जवळपास नाहीशी होते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये; घार शेपटी सुकाणूसारखी सतत पिळत असते, ही खूण अधिक भरवशाची. भोवत्या (हॅरियर) गवताला लगटून उडतो आणि तरंगताना पंख किंचित वर उचलून धरतो. शिक्रा चार-सहा वेळा भराभर पंख मारतो व मग तरंगतो. ससाण्याचे पंख टोकदार असतात. खरुची (केस्ट्रेल, एक लहान ससाणा) हवेत एकाच जागी फडफडत थांबते तेव्हा पंख आणि शेपटी सारखी हलत असतात, मात्र डोके जागचे हलत नाही. हे एकदा दुर्बिणीतून नीट पाहाच. कापशी ही लहान घारही अशीच थांबते, पण ती पांढुरकी-राखाडी असून खांद्यावर काळा डाग असतो. आकारमानावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये, कारण बहुतेक शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते.

दुर्बीण बदलू नका. १० पटींच्या दुर्बिणीत हाताचा कंप अधिक जाणवतो आणि दृश्याचा पट्टाही बहुधा अरुंद असतो, त्यामुळे उडता पक्षी सापडेपर्यंत निघून गेलेला असतो.

सांजवेळ:
वरील उत्तरांत संध्याकाळ राहून गेली. हिवाळ्यात भोवत्ये रात्रीच्या मुक्कामासाठी गवतात जमिनीवर एकत्र उतरतात, आणि सूर्यास्तापूर्वीचा तास त्यासाठी उत्तम असतो. तेव्हा पायवाट सोडून गवतात शिरू नये. एकदा उठवलेले पक्षी अंधारात पुन्हा जागा शोधत फिरतात. घरट्याजवळ तर थांबूच नये. कावळे एकाच ठिकाणी कलकलाट करत झेपावू लागले तर तिकडे लक्ष द्यावे. तिथे बहुतेकदा एखादा शिकारी पक्षी बसलेला असतो.

नवी_दुर्बीण:
सर्वांचे आभार. आभाळ भरून आले असेल तर जाणे रद्द करावे का?

धारेवरचा:
मुळीच नाही. ऊन हवेचे झोत क्षीण असल्याने उंच घिरट्या कमी दिसतील, पण तेच पक्षी खांबांवर आणि बांधांवर बसलेले सापडतील. पाऊस थांबल्यानंतर पंख पसरून वाळवत बसलेला पक्षी तर निवांत न्याहाळता येतो.