४७१ दिसला म्हणून ब्रेड परत ठेवू नका

एका पोस्टमध्ये हलाल खाणाऱ्यांना सांगितलंय की पाकिटावरच्या घटकांत ४७१ (तेल-पाणी एकजीव ठेवणारं इमल्सिफायर) दिसला की ब्रेड घ्यायचा नाही. परदेशातल्या पाकिटासाठी ही काळजी रास्त आहे, कारण हे इमल्सिफायर प्राण्याच्या चरबीपासूनही बनतं. पण आपल्याकडे चौकोनातला हिरवा ठिपका असेल तर ते वनस्पतिजन्यच असायला हवं. दूध, मध असे मोजके अपवाद सोडले तर प्राणिजन्य घटकांच्या मालाला तो ठिपका कायद्याने लावता येत नाही. उलट मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण दिसला म्हणून लगेच हराम समजू नका, नुसतं अंडं असलं तरी तो येतो. अल्कोहोलबद्दल मात्र हिरवा ठिपका काहीच सांगत नाही, आणि इसेन्समध्ये ते असू शकतं, तेव्हा इसेन्स घातलेल्या गोड ब्रेडची वेगळी चौकशी कराच.

खरी अडचण सुट्या ब्रेडची आहे. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस येतात, त्यांचं पाकीट आपल्याला दिसतच नाही. मी लक्ष्मीपुरीतल्या एका बेकरीत सरळ विचारलं, साच्याला काय लावता? भट्टीवरच्या मामांनी हातातला ब्रश ठेवून वनस्पती तुपाचा डबाच उचलून दाखवला, वर हिरवा ठिपका. तुम्ही विचाराल तेव्हा ब्रेड इम्प्रूव्हरचं (ब्रेड चांगला व्हावा म्हणून पिठात घालायच्या मिश्रणाचं) पाकीटही मागून बघा, इमल्सिफायर बहुतेक त्यातूनच येतात.