ल्युक कीकली वेळेत निवृत्त झाला की तीन वर्षं उशिरा?

गल्लीतला_मिडऑन (धागाकर्ता)

अमेरिकन फुटबॉलमधल्या कॅरोलिना पँथर्स संघाचा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू, ल्युक कीकली (स्पेलिंग बघून तोंडात काहीही येतं, उच्चार मात्र कीकलीच) जानेवारी २०२० मध्ये निवृत्त झाला तेव्हा २८ वर्षांचा होता. आठ हंगाम, सात वेळा प्रो बोल (निवडक खेळाडूंचा सामना), पाच वेळा ऑल-प्रोचा (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंचा) पहिला संघ. २०१२ मध्ये सर्वोत्तम नवोदित बचावपटू आणि पुढच्याच वर्षी अख्ख्या एनएफएलचा (तिथली व्यावसायिक लीग) सर्वोत्तम बचावपटू. विषय निघाला की लोक म्हणतात, "शहाणा निघाला, वेळेत बाहेर पडला."

मला हे कौतुक पटत नाही. २०१५ च्या पहिल्याच सामन्यात कन्कशन (डोक्याला मार लागून मेंदूला बसणारा हादरा) झालं, तीन सामने बाहेर. १७ नोव्हेंबर २०१६ ला सेंट्सविरुद्ध पुन्हा. त्या रात्री गाडीवर बसवून त्याला नेत होते आणि हा गडी हमसून हमसून रडत होता, श्वास सापडत नव्हता. त्या हंगामात तो पुन्हा उतरला नाही. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ईगल्सविरुद्ध तिसऱ्यांदा. आणि त्यानंतर २०१८ आणि २०१९, दोन्ही वर्षी सगळेच्या सगळे १६ सामने! थांबायची वेळ त्या रडण्याच्या रात्रीच आली होती. आपण निवृत्तीला टाळ्या वाजवतो आणि मधली तीन वर्षं सोयीस्करपणे विसरतो.

शार्लटवासी

काका, तुम्ही ती तीन वर्षं पाहिली आहेत का? मी शार्लटमध्ये राहतो, त्यातले बरेच सामने स्टेडियममध्ये बसून पाहिले आहेत. २०१७ आणि २०१८, दोन्ही वर्षी तो ऑल-प्रोच्या पहिल्या संघात होता. तुमच्या हिशेबाने ही दोन वर्षं झालीच नसती.

त्याचं काम नेमकं काय होतं तेही सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांना लाइनबॅकर म्हणजे धडका मारणारा बैल वाटतो. चेंडू स्नॅप व्हायच्या, म्हणजे मागे देऊन खेळ सुरू व्हायच्या, आधी हा समोरची रचना बघायचा, कोण कुठे सरकला ते टिपायचा आणि येणारा प्ले (चाल) ओरडून आपल्या पोरांना सांगायचा. कित्येकदा तसाच प्ले यायचा. आठवडाभर व्हिडिओ बघून तो समोरच्याचं पुस्तक पाठ करून यायचा. २०१५ च्या १५-१ वाल्या (१५ विजय, १ पराभव) हंगामात प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) आधी सीहॉक्सचा आणि पुढच्या सामन्यात कार्डिनल्सचा पास मध्येच पकडून त्याने थेट टचडाउन केला. लागोपाठ दोन प्लेऑफ सामन्यांत! सुपर बोल ५०, म्हणजे अंतिम सामना, आम्ही हरलो, त्यावर मी बोलणार नाही.

आडवातिडवा

दोघांचंही चुकतंय. तो लवकर गेला आणि संघाला अडचणीत टाकून गेला. कराराची दोन वर्षं बाकी होती, प्रशिक्षक रॉन रिव्हेराची नुकतीच हकालपट्टी झालेली, घर आधीच गळत होतं. तेव्हाच खांब काढून घ्यायचा?

त्याच्याच शेजारी खेळणारा थॉमस डेव्हिस बघा. एकाच गुडघ्याचा एसीएल नावाचा अस्थिबंध तीनदा फाटला, २००९, २०१० आणि २०११. तरी परत आला. सुपर बोलच्या आधीच्या सामन्यात हात मोडला, तर त्यात पट्टी आणि स्क्रू बसवून दोन आठवड्यांनी सुपर बोल खेळला. याला म्हणतात जिगर.

गल्लीतला_मिडऑन

आडवातिडवा, गुडघा नवा बसवता येतो. हाताला स्क्रू लागतो. डोक्याला काय लावणार? ज्युनियर सेऊ याच जागेवर खेळणारा दादा माणूस, २०१२ मध्ये ४३ व्या वर्षी त्याने स्वतःला संपवलं आणि मेंदू तपासल्यावर सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) निघाला. तुलना करायची तर सारख्याची सारख्याशी करा.

आकडेमोड_प्रेमी

सीटीईचा विषय निघाला म्हणून. २०१७ चा बोस्टनचा अभ्यास सगळे फेकतात, एनएफएलच्या १११ पैकी ११० मेंदूंत सीटीई. पण ते मेंदू घरच्यांनी दान केलेले होते, आणि ज्या घरात त्रास दिसला तीच घरं सहसा दान करतात. म्हणजे ९९ टक्के खेळाडूंना हा आजार होतो असा अर्थ निघत नाही. शिवाय जिवंतपणी त्याचं पक्कं निदानही होत नाही. धोका खरा आहे, पण किती ते कीकलीला २०१६ मध्ये कुणीही सांगू शकत नव्हतं. मग तुम्ही तीन वर्षं उशीर कुठल्या घड्याळात मोजलात?

डावा_कोपरा

मी कबड्डी खेळलोय, कोपऱ्यावर. अमेरिकन फुटबॉल टीव्हीवर बघतो तेवढाच. पण एक सांगतो, पकडीला गेलं की पूर्ण जायचं. मनात धाकधूक ठेवून अर्धवट हात घातला की गुण जातोच, वर स्वतःचं बोट नाहीतर खांदा जातो. आम्ही नव्या पोरांना पहिलं हेच सांगायचो.

कीकलीच्या निरोपाच्या व्हिडिओतही हेच आहे. लहानपणापासून हा खेळ एकाच पद्धतीने खेळलो, वेगाने, ताकदीने, अंगावर जाऊन, आणि ते आता जमेल की नाही ठाऊक नाही, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ. खेळावंसं वाटतंय, पण ते योग्य नाही, असंही म्हणाला. बचावपटूला बॅट्समनसारखा एखादा फटका बंद करून कारकीर्द लांबवता येत नाही. त्यामुळे मला ना उशीर दिसतो ना घाई. ज्या दिवशी पकडीत मन कचरलं त्या दिवशी तो गेला.

शार्लटवासी

डावा_कोपरा, +१. पळून गेला म्हणणाऱ्यांसाठी: निवृत्तीनंतर तो पँथर्ससाठीच काही काळ स्काउट होता, नंतर त्यांच्या रेडिओ समालोचनातही आला.

गल्लीतला_मिडऑन

मन २०२० मध्येच कचरलं हे कशावरून? २०१७ पासून तो गळ्यात क्यू-कॉलर नावाचा पट्टा घालून खेळायचा. मेंदूला बसणारा हादरा कमी व्हावा म्हणून मानेच्या शिरांवर हलका दाब देणारा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली २०२१ मध्ये, हा निवृत्त झाल्यावर. ज्याला तोवर सरकारी शिक्काही मिळाला नव्हता असा पट्टा माणूस भीतीशिवाय गळ्यात घालत नाही.

आडवातिडवा

गावसकरही शेवटी शेवटी कवटीपुरती टोपी घालून खेळला. म्हणून तो उशिरा निवृत्त झाला म्हणायचं का?

गल्लीतला_मिडऑन

गावसकर बॉलकडे डोकं घेऊन धावत जात नव्हता हो.

डावा_कोपरा

हे मात्र बरोबर.