जाहिरातीतला चेहरा बघून महागडी गाडी घेता का?

प्रश्न (रत्नागिरी): यंदा हापूसने हात दिला. मुलगा बीएमडब्ल्यूवर अडून बसलाय. २०१२ मध्ये सचिन त्यांचा ब्रँड अ‍ॅम्बेसेडर झाला, तेव्हापासून तेच नाव मनात. चेहरा बघून कुणी खरंच घेतली का?

मालवण: दादा, १९९८ मध्ये ह्युंदाई इथे नवखी होती, शाहरुखमुळे सँट्रोवर विश्वास बसला. बीएमडब्ल्यूला ओळख कशाला लागते? चेहऱ्याने फार तर शोरूमपर्यंत पाय वळतात.

गुहागर: मी भुललो होतो, दुसऱ्या कंपनीच्या गाडीला. पहिल्याच पावसात घाटीच्या चढावर चिऱ्याच्या दगडाला पोट घासलं, ऑइल गळलं. खाऱ्या वाऱ्याने खालचे बोल्ट तांबूस झालेत. सर्व्हिसला घाट चढावा लागतो. आधी ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे, ते बघा.

रत्नागिरी: आभार. पोराला घेऊन बागेतल्या वाटेचे दगड मोजतो.