'प्रभूची इच्छा असेल तर येईन' म्हणजे होय की नाही?

संडेस्कूलताई

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूलच्या, म्हणजे रविवारी मुलांना बायबल शिकवायच्या वर्गांच्या, शिक्षकांच्या पाळ्या लावायचं काम माझ्याकडे आहे. शनिवारी फोन करून विचारते, "उद्या लहान मुलांचा वर्ग घ्याल का?" उत्तर येतं, "प्रभूची इच्छा असेल तर येईन." नाहीतर, "प्रार्थना करून सांगते." सांगत कोणीच नाही. रविवारी मुलं चटईवर येऊन बसलेली असतात, गोष्टीची चित्रं चिकटवायचा फ्लॅनेलचा बोर्ड उभा असतो आणि शिक्षकांचा पत्ता नसतो. मग दोन वर्ग एकत्र करावे लागतात. मोठी मुलं कंटाळतात आणि लहानांच्या डोक्यावरून जातं.

आता तर "प्रभूची इच्छा असेल तर" ऐकलं की मी वहीत सरळ फुली मारते. याचंच मला वाईट वाटतं. वाक्य पवित्र शास्त्रातलं आहे, म्हणणारी माणसंही चांगली आहेत. याला खोटं बोलणं म्हणावं का? की सभ्यपणे नकार द्यायची ही एक रीत आहे आणि मी उगाच मनाला लावून घेतेय?

शांतचित्त

ताई, मनाला लावून घेऊ नका. तोंडावर 'नाही' म्हणणं कित्येकांना जमतच नाही, समोरचा दुखावेल अशी भीती वाटते. बायबलातल्या इफिसकरांस पत्रात (4:15) प्रीतीनं सत्य बोलायला सांगितलंय, त्यातली प्रीतीही बघायला हवी ना?

वचनवाचक

ताई, तुम्ही मनाला लावून घेतलंत ते बरोबरच आहे, असं मला मनापासून वाटतं.

आधी ते वाक्य कुठून आलं ते पाहू. बायबलातल्या याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात व्यापारी लोक आहेत. अमुक शहरी जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करू, नफा कमवू, असं ते छातीठोकपणे बोलतात. याकोब त्यांना सांगतो, उद्याचं तुम्हाला ठाऊक नाही, तेव्हा प्रभूची इच्छा असेल तर जगू आणि हे करू, असं म्हणा. म्हणजे हे वाक्य ज्याचा बेत पक्का आहे त्याच्यासाठी आहे. ज्याचा यायचा विचारच नाही त्याच्या तोंडी ते शोभत नाही. आणि लगेच पुढच्या अध्यायात (5:12) तोच याकोब सांगतो की शपथा वाहू नका, तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात आहेत, हे आपण विसरतो.

प्रेषित पौल मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत हे वाक्य कसं वापरतो तेही बघा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात 'प्रभूनं होऊ दिलं तर' आहे, पण त्याच्या आजूबाजूला अख्खा कार्यक्रम आहे: मासेदोनियातून येईन, जमल्यास हिवाळा तुमच्याकडे काढीन, पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत इफिस शहरातच आहे. पुढे बेत बदलला, तेव्हा त्याला कोणी 'होय होय' आणि 'नाही नाही' एकाच तोंडानं बोलणारा समजू नये म्हणून दुसऱ्या पत्रात (1:15-23) त्यानं आपण का आलो नाही ते लिहून कळवलं. 'प्रभूची इच्छा नव्हती' एवढ्यावर त्यानं भागवलं नाही.

मला खरी खंत आहे ती वेगळीच. नकार आपल्याला द्यायचा असतो आणि नाव आपण देवाचं पुढे करतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 23व्या अध्यायात प्रभू येशू कोणाला फटकारतो? मंदिराची शपथ घेतली तर बंधन नाही, मंदिरातल्या सोन्याची घेतली तर बंधन, असं शिकवणाऱ्यांना. पवित्र शब्दांतून निसटायला वाट काढणं हाच तो प्रकार. डोंगरावरच्या प्रवचनात शपथच वाहू नका म्हणताना त्यानं ती वाटच बंद केली. 'प्रार्थना करून सांगते' म्हणायचं आणि ती प्रार्थना करायचीच नाही, हे मला साध्या थापेपेक्षा जास्त जड वाटतं. मुलं हे ऐकत असतात. मोठ्या माणसांच्या भाषेत 'प्रार्थना' म्हणजे टाळाटाळ, एवढंच ती उचलतील.

शांतचित्त, तुमचा मुद्दा मला पटतो, पण प्रीती नेमकी कोणावर करायची? तुम्ही सांगितलेल्या इफिसकरांसच्या त्याच अध्यायात पुढे (4:25) शेजाऱ्याशी खरं बोला असं आहे आणि कारण दिलंय की आपण एकमेकांचे अवयव आहोत. फोनवर ताईंना क्षणभर बरं वाटलं, आणि रविवारी वर्ग उघडा पडला. यात प्रीती कोणाच्या वाट्याला आली? येशूच्या दाखल्यात बापानं द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगितल्यावर 'जातो' म्हणून न गेलेला मुलगाही बापाशी आदरानंच बोलला होता.

संध्यावंदन

मी कॅथलिक आहे, एक गोष्ट जोडतो. मध्ययुगातला धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस खोट्याचे तीन प्रकार करतो: कोणाच्या भल्यासाठी, गमतीनं आणि घात करण्यासाठी. तिन्हींना तो पापच म्हणतो, फक्त कमीजास्त. पण सत्य शहाणपणानं झाकून ठेवायला त्याची हरकत नाही. म्हणून 'नाही' म्हणणाऱ्यानं कारण सांगितलंच पाहिजे असं नाही. घरात भांडण असेल, मन थकलं असेल, ते त्याचं त्याच्यापाशी. पुष्कळ लोक नकाराला घाबरत नाहीत, त्यामागून येणाऱ्या 'का बरं?'ला घाबरतात.

संडेस्कूलताई

हे 'का बरं?' मी दर वेळी विचारते! काळजीपोटीच विचारते, पण समोरच्याला ती चौकशी वाटत असेल, हे ध्यानात आलं नव्हतं. आता एकच विचारायचंय. चार लोकांत कोणाला न दुखवता हे सांगू कसं?

वचनवाचक

चार लोकांत सांगूच नका, विचारण्याची पद्धत बदला. शनिवारऐवजी बुधवारी विचारा. "तिसरा वर्ग, रविवारी सकाळी. शुक्रवारपर्यंत होय किंवा नाही कळवा. नाही असेल तर कारण विचारणार नाही, दुसरं कोणी शोधायला मला वेळ मिळेल." कोणी 'प्रार्थना करून सांगतो' म्हणालं तर ते खरं धरा आणि शुक्रवारी फोन करून विचारा, "प्रार्थना केलीत, काय ठरलं?" आवाजात टोमणा नको. ज्यांनी खरंच प्रार्थना केली असेल त्यांना या प्रश्नाचा आनंदच होईल.

आणि जो सरळ 'नाही' म्हणेल, त्याचे तिथल्या तिथे मनापासून आभार माना. पुढच्या पाळीला त्याला तितक्याच मोकळेपणानं विचारा, नाहीतर एकदा खरं बोलल्याची शिक्षा झाली असं त्याला वाटेल आणि गाडी परत 'प्रभूची इच्छा'वर येईल.