ट्रॅक्टरमागचा कॅम्पर ट्रेलर: शेतात सहा महिने राहता येईल का?

दोन_वावरं:
नमस्कार. आमचं शेत दोन ठिकाणी आहे. संत्र्याची बाग मोर्शीजवळ, आणि हरभऱ्याचं वावर दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणीच खारट. डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्याची राखण करायची, रोही (नीलगाई) आणि डुकरं काही ठेवत नाहीत. मग मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुललेल्या संत्र्यांच्या, तोडीला बागेत, आणि मे संपेपर्यंत रात्रीच्या लाइटीवर ओलीत. दोन्हीकडे खोली बांधायची ऐपत नाही. म्हणून ह्यांनी ठरवलंय, दहा बाय सहा फुटांचा ट्रेलर करून घ्यायचा. वेल्डिंगवाला म्हणतो आधी आतलं फर्निचर सांगा. कुणी खरंच महिनोन्महिने राहिलंय का? मे महिन्यात माणूस शिजेल ना त्यात?

तीन_हंगाम:
ताई, फर्निचर राहू द्या. तिवस्याकडे तीन हंगाम काढले मी, आत अजून बाजच आहे.

पहिल्या वर्षी साधा पत्रा आणि आतून प्लायवूड. एप्रिलात दुपारी भिंतीला पाठ टेकवत नव्हती. दुसऱ्या वर्षी ५० मिमीचं पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) लावलं, छत पांढरं केलं, त्याच्यावर वीतभर अंतर सोडून शेडनेट ताणली. मग कुठे कूलरला कूलरपण आलं. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर आत नुसती दमट कोंडी होते.

माझी खरी फजिती बॅटरीनं केली. लिथियमची नवीकोरी, अन मे महिन्यात रात्री नऊलाच पंखा बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर सोलर पॅनल तळपतंय आणि चार्जिंग शून्य. तासभर वायरी हलवत बसलो. शेवटी बॅटरीच्या पेटीला हात लागला, तर तवा! बाहेरून, पश्चिमेच्या बाजूला पत्र्याच्या पेटीत ठेवली होती शहाण्यानं. लिथियम बॅटरी फार तापली की तिच्यातलं सर्किटच चार्जिंग तोडतं. माझ्या बॅटरीच्या कागदावर ४५ अंश लिहिलं होतं, आणि आपल्याकडे मेमध्ये सावलीतच तेवढे होतात. आता ती बाजेखाली आहे, कूलरच्या झोतात. आधी तिची सोय, मग माझी.

ट्रेलर झाडाखाली लावा, सोलर पॅनल उन्हात. पण १२ व्होल्टवर लांब वायर नेली तर व्होल्टेज वाटेतच मरतं. दोन पॅनल सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडा म्हणजे व्होल्टेज वाढतं, आणि एमपीपीटी कंट्रोलर घ्या, तो ते बॅटरीला लागेल तसं उतरवून देतो. १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १२०० वॉट-तास मावतात. ३० वॉटचा डीसी पंखा दहा तास चालला तरी ३०० जातात, उरलेल्यात दिवे, मोबाइल आणि छोटा डीसी कूलर. इंडक्शन शेगडी आणू नका. गॅसचं ५ किलोचं सिलिंडर बरं, पण वरची खिडकी आणि खाली तळालगतचा झरोका, दोन्ही उघडे ठेवून; गळालेला गॅस खालीच साचतो.

काळ्या मातीचंही ऐका. पहिल्याच अवकाळीत एका कोपऱ्याचा जॅक खचला. रात्री दोनला तुरीच्या डाळीचा डबा ओट्यावरून घरंगळत अंगावर आला, तेव्हा कळलं. आता आधी मुरूम पसरतो, वर शहाबादी फरशीचे तुकडे, मग जॅक. जागा धुऱ्याजवळची, हुक रस्त्याकडे. नाहीतर पाऊस लागला की ट्रेलर काढायला गेलेला ट्रॅक्टरही फसतो.

वऱ्हाडी_गडी:
राजेहो, खारपाणातलं पानी कूलरमंदी टाकू नका! माया कूलरचं गवत महिनाभरात मिठानं पांढरं झालं, हात लावला तं कडकड मोडे. मोटर बी गेली. गोड पानी गावातून ड्रमानं आना, अन कूलरचा हिशेब त्याच्यात धरा. अन उंदरं! हरभऱ्याच्या वावरात उंदरं, उंदरामांगं साप. वायरी पायपातून घ्या, अन रातच्याले टार्च मारल्याबिगर पायरीखाली पाय ठेवू नका.

जुना_टपाल्या:
शेतीच्या नावावर पासिंग झालेल्या ट्रॉलीवर परस्पर खोली चढवू नका. बॉडी बदलण्याआधी आरटीओत विचारा. मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर तर हवेतच, मोर्शीहून दर्यापूरला जाताना अमरावतीची गर्दी लागते.

दोन_वावरं:
सगळ्यांचे आभार, बॅटरीचं तर कुणीच सांगितलं नव्हतं. एक राहिलंच. अधूनमधून सासूबाई येतील. त्यांचा पहिला प्रश्न, संडास कुठे?

तीन_हंगाम:
बरोबर विचारलं त्यांनी, मला हे दुसऱ्या वर्षी सुचलं. आत करू नका, दहा फुटांत वास मावत नाही. विहिरीपासून चांगलं लांब, उताराच्या बाजूला खड्डा आणि तट्ट्यांचा आडोसा. आंघोळीचं पाणी पाइपानं झाडाच्या आळ्यात सोडा. काळ्या मातीत शोषखड्डा केला तर पावसात तुडुंब भरून राहतो.

आणि पायऱ्या दोन नको, तीन करा, धरायला दांडी लावा. माझ्या आईला पहिली पायरी चढवली नाही. तिनं बाज बाहेर काढायला लावली, निंबाखाली झोपली, आणि सकाळी मलाच विचारते, "रात्रभर त्या डब्यात काय करत होतास?"