व्यसनी माणसाच्या मेंदूतील जनुके आणि त्याची जबाबदारी

शुभदा: काल या चर्चामंचावर एका सदस्यांनी लिहिले की दारू हा रोग नसून माज आहे, ज्याला सोडायची असते तो एका रात्रीत सोडतो, आणि मेंदू व जनुकांच्या गोष्टी हे व्यसनमुक्ती केंद्रांचे भांडवल आहे. हे वाचून गप्प बसणे मला शक्य नाही. जनुके जन्मतः मिळतात हे खरे. पण कोणत्या पेशीत कोणते जनुक किती काम करील, हे आयुष्यभर बदलत असते. वारंवार कोकेन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत, न्यूक्लिअस अ‍ॅकम्बन्स या आनंद व ओढ यांच्याशी निगडित भागात, डेल्टाफॉसबी नावाचे प्रथिन साठत जाते. त्याच कुळातील इतर प्रथिने काही तासांत नष्ट होतात; हे मात्र शेवटच्या मात्रेनंतरही कित्येक आठवडे टिकते आणि इतर अनेक जनुकांना चालना देते किंवा दाबून ठेवते. एरिक नेस्लर या मेंदूशास्त्रज्ञांच्या गटाने १९९९ मध्ये ते उंदरांत मुद्दाम वाढवले, तेव्हा ते उंदीर कोकेनला अधिक तीव्र प्रतिसाद देऊ लागले. मद्य, निकोटिन आणि मॉर्फिननेही ते वाढते. एवढे समोर असताना आजारी माणसाला माजोरी ठरवणे हा सरळ अन्याय आहे.

कातळ: ते सदस्य मीच, आणि माझे मत कायम आहे. तुमचे प्रथिन काही आठवड्यांत ओसरते. माझे मेहुणे कैक वर्षे दारूला शिवले नव्हते. पुतणीच्या हळदीच्या रात्री मांडवामागे कोणी ग्लास पुढे केला आणि त्यांनी तो घेतला. तेव्हा त्यांच्या मेंदूत कोणते प्रथिन शिल्लक होते? शिवाय चाकावर धावणाऱ्या आणि साखरपाणी पिणाऱ्या उंदरांतही हेच प्रथिन वाढते, हे तुम्ही सांगितले नाही. मग धावणे हाही आजार ठरवायचा का? माझ्या बहिणीने पाटल्या मोडून मुलांच्या शाळेची फी भरली. मेहुण्यांना तुम्ही रुग्ण म्हणता. तिच्यासाठी तुमच्या प्रयोगशाळेत काही आहे का?

नदीकाठ: मला दोघांचेही पटत नाही. १९७१ मध्ये व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधिकेने अभ्यास केला. तेथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी, मायदेशी आल्यावर तीन वर्षांत, थोड्या काळापुरते का होईना पुन्हा व्यसनाधीन झालेले सुमारे १२ टक्केच होते. मेंदू तोच होता, परिसर बदलला. म्हणून आधी दुकाने बंद करा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरची २०१५ मधली बंदी २०२१ मध्ये उठवली, हे पाप सरकारचे आहे.

वर्धाकाठचा: बंदीच्या काळात मी चंद्रपूर जिल्ह्यातच राहत होतो, म्हणून हे ऐकून संताप येतो. आमच्या गल्लीत शाळकरी पोरे दप्तरातून बाटल्या पोचवीत, आणि पिणारा दुप्पट पैसे मोजून पीतच होता. घरात भांडण वाढले, ते पैशांवरून.

नदीकाठ: तुमची गल्ली म्हणजे जिल्हा नव्हे. माझ्या मावशीच्या गावात बंदीनंतर संध्याकाळी बायका निर्धास्तपणे बाहेर पडू लागल्या. ते तिला कोणी आकडेवारीतून शिकवले नव्हते. ज्या बायकांनी मोर्चे काढून ही बंदी मिळवली, त्यांना आता बाटल्यांचा हिशेब सांगू नका.

वर्धाकाठचा: मोर्चातल्या बायकांविषयी मी अवाक्षर काढलेले नाही, तेव्हा माझ्या तोंडी शब्द घालू नका. बंदी हवी असेल तर ती राबवणारे पोलीसही हवेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

शुभदा: बंदीचा वाद येथेच थांबवावा, कारण मूळ प्रश्न तसाच पडून आहे. आठवड्यांचा मुद्दा कातळ यांनी बरोबर काढला, हे मला मान्य करावे लागते: एकट्या डेल्टाफॉसबीने वर्षांनंतरचे पुन्हा पिणे उलगडत नाही. पण ते प्रथिन जाण्यापूर्वी बरेच काही करून जाते. ते सीडीके५ या एन्झाइमचे जनुक वाढवते. कोकेनमुळे त्या भागातील चेतापेशींच्या शाखांवर, इतर पेशींचे संदेश घेणारे जे सूक्ष्म काटे वाढतात, ते या एन्झाइमला रोखल्यास वाढत नाहीत. आणि एकदा वाढलेले काटे प्रथिन ओसरल्यावरही टिकू शकतात. ही निव्वळ उंदरांची कथा नाही, कारण कोकेनचे व्यसन असलेल्या माणसांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूतही डेल्टाफॉसबी वाढलेले आढळले. धावण्याने ते वाढते, कारण आनंद लक्षात ठेवण्याची ती मेंदूची नेहमीचीच यंत्रणा आहे आणि मादक पदार्थ तिचाच ताबा घेतात. तुमच्या मेहुण्यांना मांडव, ती मंडळी, तो वास, सगळे ओळखीचे होते. सैनिकांना मायदेशी आल्यावर तसे काही भेटले नाही, म्हणून नदीकाठ यांचे उदाहरण माझ्या विरोधात जात नाही. तुमच्या बहिणीचे नुकसान मात्र कोणतेही संशोधन भरून देत नाही, आणि मेहुण्यांनी ते फेडावे असेच मलाही वाटते.

कातळ: तुमच्याकडून एवढे लिहून घ्यायला मला बहिणीच्या पाटल्यांची आठवण करून द्यावी लागली. आजार म्हणायचे तर म्हणा, माझी हरकत नाही. मेहुणे पुन्हा केंद्रात जायला तयार झाले तर सोडायला मी जाईन. त्यांचा पगार मात्र यापुढे बहिणीच्याच खात्यात जमा होईल, आणि त्यावर मी कोणाचे ऐकणार नाही.