चालू सर्व्हिसचं लॉगिंग रीस्टार्ट न करता वाढवता येतं का? लवकर सांगा

बिलिंग_बाबा: उबुंटूवर एक सर्व्हिस चालूय, तिचे लॉग एकदम त्रोटक येतात, स्टेट बदललं एवढं कळतं आणि का बदललं ते काहीच नाही. मला तीच चालू सर्व्हिस डीबग लेव्हलवर (बारीकसारीक सगळं लॉगमध्ये येतं ती) न्यायचीये, रीस्टार्ट न करता. जिथे बघावं तिथे रीस्टार्ट करा एवढंच लिहिलंय. रीस्टार्ट करायचं नाहीये. कुणाला माहिती असेल तर आजच सांगा प्लीज.

रात्रपाळी: कुठली सर्व्हिस? उबुंटू कितीचं? प्रत्येकाची पद्धत वेगळी असते हो.

सरळसोट: रीस्टार्ट का नको? दोन सेकंदांचं काम आहे. संध्याकाळी सगळे गेले की करून टाका.

बिलिंग_बाबा: कारण रीस्टार्ट केलं की प्रॉब्लेमच जातो ना! मग चार-पाच दिवस सगळं छान चालतं आणि ऐन गर्दीत परत तेच. आत्ता बिघडलेल्या अवस्थेत आहे तेव्हाच बघायचंय आत काय चाललंय. 20.04 आहे.

रात्रपाळी: बरोबर आहे तुमचं, रीस्टार्ट केला की पुरावा गेला. पण सर्व्हिसचं नाव अजून सांगितलं नाहीत.

युनिट_फाईल: सिस्टिमडीमध्ये, म्हणजे उबुंटूवर सगळ्या सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, यासाठी थेट सोय आहे, सिस्टिमसीटीएल सर्व्हिस-लॉग-लेव्हल, पुढे सर्व्हिसचं नाव आणि डीबग. काम झालं की तसंच परत इन्फो, म्हणजे नेहमीची लेव्हल. रीस्टार्ट लागत नाही.

बिलिंग_बाबा: 'अननोन ऑपरेशन' म्हणतंय.

रात्रपाळी: म्हणणारच. ती कमांड सिस्टिमडी 247 पासून आली, 20.04 मध्ये 245 आहे. आणि नवीन असतं तरी ती सगळ्यांना लागू होत नाही, त्या सर्व्हिसने स्वतः डी-बसवर (प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ती यंत्रणा) लॉगकंट्रोलचा, म्हणजे लॉग लेव्हल बाहेरून बदलायचा, इंटरफेस दिलेला असावा लागतो. रिझॉल्व्हडी वगैरे सिस्टिमडीच्या घरच्या सर्व्हिसेस देतात, बाकीच्या बऱ्याच देत नाहीत.

सरळसोट: 20.04 चा नेहमीचा सपोर्ट 2025 च्या मे मध्ये संपलाय. आधी 24.04 टाका, अर्धे प्रश्न तिथेच सुटतील.

युनिट_फाईल: अहो त्यांना आत्ता बिघाड पकडायचाय आणि तुम्ही ओएस बदलायला सांगताय.

जुना_युनिक्सवाला: किल कमांडने त्या चालू प्रोग्रॅमला यूएसआर1 सिग्नल पाठवा, पूर्वी आम्ही असंच डीबग वाढवायचो.

रात्रपाळी: हे प्लीज कुणी आंधळेपणाने करू नका!! ज्या प्रोग्रॅमने यूएसआर1 हाताळलेला नाही तो हा सिग्नल मिळाला की बंदच पडतो. आणि हाताळला असेल तरी अर्थ ज्याचा त्याचा वेगळा, डीएनएसमास्क (छोटा डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारा) कॅशचे आकडे लॉगमध्ये टाकतो, नेटवर्कमॅनेजर (वायफाय-नेटवर्कची जोडणी सांभाळणारा) डीएनएसची फाईल परत लिहितो. डीबगचा काही संबंध नाही.

जुना_युनिक्सवाला: बाइंड या डीएनएस सर्व्हरच्या जुन्या आवृत्तीत चालायचं, मी स्वतः वापरलंय. हे सगळं जर्नलमध्ये (सिस्टिमडीचा लॉगसाठा) कोंबण्यापेक्षा साधी टेक्स्ट फाईल बरी होती, ग्रेप मारून हवा तो शब्द शोधला की झालं.

युनिट_फाईल: बाइंडला डीबग वाढवायला आता आरएनडीसी ट्रेस ही कमांड आहे. आणि जर्नलचं आउटपुटही ग्रेपला देता येतंच की.

बिलिंग_बाबा: नेटवर्कमॅनेजरच आहे! वायफायचं चिन्ह जोडलेलं दाखवतं पण आयपी गेलेला असतो, बाकीच्या काउंटरना बिलिंगचं मशीन सापडत नाही. डेस्कटॉपवालं उबुंटू आहे.

रात्रपाळी: हे पहिल्याच ओळीत हवं होतं की राव. याची स्वतःची सोय आहे आणि 20.04 मध्येही चालते. आधी एनएमसीएलआय जनरल लॉगिंग असं नुसतंच चालवा, आत्ताची लेव्हल आणि डोमेन (लॉगचे विषय) दिसतील, ते कुठेतरी लिहून ठेवा. मग सुडोने (ॲडमिन हक्काने) तीच कमांड, पुढे लेव्हल ट्रेस (डीबगहूनही सविस्तर), डोमेन्स डीएचसीपी4 (राउटरकडून आयपी मागायचा भाग) आणि आयपी4, मध्ये स्वल्पविराम. सगळी डोमेन लावू नका, वायफाय स्कॅनच्याच ओळी इतक्या येतील की हवं ते सापडणार नाही. हा बदल चालू प्रोसेसपुरताच आहे, पुढच्या रीस्टार्टला आपोआप जातो. मग जर्नलसीटीएलला मायनस यू नेटवर्कमॅनेजर मायनस एफ देऊन बघत बसा.

कोल्हापुरी_पिंग: जर्नलडीची (जर्नल लिहिणारी सर्व्हिस) मर्यादा विसरू नका. डीफॉल्टला एका सर्व्हिसच्या 30 सेकंदात 10000 ओळी, डिस्क मोकळी असेल तर काही पट जास्त, त्यापुढच्या टाकून देतो आणि 'सप्रेस्ड' अशी ओळ येते. ती दिसली तर जर्नलडी डॉट कॉन्फमध्ये रेटलिमिटइंटरव्हलसेक शून्य करा. रीस्टार्ट फक्त जर्नलडीचा लागेल, नेटवर्कमॅनेजरला धक्का लागत नाही.

नवखा_77: माझी डिस्क लॉगने भरलीये, व्हॅर लॉग जर्नल 3 जीबी झालंय, डिलीट केलं तर चालेल का?

कोल्हापुरी_पिंग: हाताने नको, जर्नलसीटीएलला व्हॅक्यूम-साइझ 500एम द्या. वेगळा धागा काढा ना भाऊ.

सरळसोट: बिलिंगचं मशीन वायफायवर ठेवूच नये. केबल टाका आणि आयपी स्टॅटिक करा, लॉग बघायची वेळच येणार नाही.

बिलिंग_बाबा: केबल टाकणार आहेच, मालक हो म्हणालेत. पण का तुटतंय ते कळल्याशिवाय मी सोडणार नाही, हेच उद्या दुसऱ्या मशीनवर झालं तर? रात्रपाळी, चालू झालं, ओळी भराभर यायला लागल्यात. डीएचसीपीची विनंती परत परत जातेय आणि राउटरकडून उत्तरच दिसत नाहीये. पूर्ण लॉग इथे टाकू का?

रात्रपाळी: टाका, पण आधी वायफायचं नाव आणि मॅक पत्ते खोडा. आणि राउटरमध्ये लीज (एक आयपी किती वेळ दिलेला असतो ती मुदत) किती वेळाची आहे आणि पत्त्यांचा पूल (वाटायला ठेवलेले एकूण आयपी) केवढा ठेवलाय ते बघून सांगा. दुकानात गर्दी झाली की गिऱ्हाइकांचे मोबाईल त्याच वायफायवर येतात का?